पलीकडच्या पंपाचा हिशेब

डहाणूहून वाशीला चिकू पोहोचवायचं वर्षाचं भाडं एकदाच ठोक ठरवायची आमच्याकडे जुनी पद्धत. सरकार डिझेलचा भाव बांधून ठेवत होतं तोवर ती चालली. 2014 च्या ऑक्टोबरात डिझेलवरचं नियंत्रण उठलं (पेट्रोलवरचं 2010 लाच गेलं होतं), आणि 16 जून 2017 पासून भाव रोज सकाळी 6 ला बदलू लागला. बोली मात्र वर्षाचीच राहिली. 2020 च्या जूनमध्ये तीन आठवडे रोज भाव चढला, डिझेल लिटरमागे 10 रुपयांच्या वर महागलं. माझी पिकअप लिटरला 12 किलोमीटर देते. जाऊन-येऊन 260 किलोमीटरच्या खेपेत सव्वादोनशे रुपये जागेवर गेले. माल देणारे शेठ म्हणाले, "बोली ती बोली."

तेव्हापासून चिठ्ठीवर त्या दिवसाचा डिझेलचा भाव लिहूनच मी भाडं घेतो. रुपया वाढला की किलोमीटरमागे आठ पैसे जास्त, उतरला की तेवढेच कमी. उतरल्यावर आपण आठवण करून द्यायची, मग चढल्यावर शेठही कुरकुरत नाहीत.

"भिलाडला टाकी फुल कर, वाचतील" हा सल्ला इथे सगळेच देतात; भिलाड सीमेपलीकडे, गुजरातेत. मूळ भाव दोन्हीकडे जवळपास सारखा. फरक पडतो राज्याच्या व्हॅटमुळे, कारण पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्राने अबकारी कर घटवला, त्यावर गुजरातने 7 रुपये सोडले, महाराष्ट्राने लगेच काही सोडलं नाही. पेट्रोलमध्ये 15 रुपयांच्या आसपास तफावत पडली. पलीकडे उंबरगावच्या कारखान्यांत जाणारी तलासरीची पोरं तिकडेच पेट्रोल भरू लागली, आणि पंपावर थांबलं की तेल, कांदे, मोबाईलचा रिचार्जही तिकडचाच. सीमेवरच्या अच्छाडच्या अलीकडच्या टपरीवाल्याचं नुकसान झालं ते असं; पेट्रोल तो कधी विकतच नव्हता.

पण जुलै 2022 मध्ये महाराष्ट्राने पेट्रोल 5 आणि डिझेल 3 रुपयांनी उतरवलं, आणि डिझेलचा फरक जवळपास मिटला. पेट्रोलचा राहिला. तरी डिझेलच्या गाड्या सवयीने सीमा ओलांडतात. 40 लिटर भरून लिटरमागे दोन रुपये सुटले तरी वाचतात 80. त्यासाठी 30 किलोमीटरचा फेरा घातला तर अडीच लिटर, म्हणजे सव्वादोनशे जळाले. रस्त्यावरच असाल तर भरा. मुद्दाम जाऊ नका.

पाड्यावरच्या दुकानात पलीकडून आणून पाण्याच्या बाटल्यांत भरून ठेवलेलं पेट्रोल मी बघितलंय, फळीवर बिस्किटांशेजारी. दोन हातांवर चूल. प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल देणं नियमात बसत नाही, आणि लिटरमागे 10 रुपये सुटावेत म्हणून घर पणाला लावायचं हा कुठला धंदा? मापाची शंका आली तर पंपावर 5 लिटरचं माप मागा. ते दाखवणं त्यांना भाग आहे. पावती छापील घ्या, भाव आणि तारीख दिसेल अशी. शेठसमोर भाडं वाढवून मागायचं तर तीच कामाला येते.