गोधडीचा भाव

हौसेनं गोधड्या शिवता शिवता मी त्याचा धंदा केला. आता शिकायला येणाऱ्या मुली, नोकरीतून निवृत्त झालेल्या बायका, आयटीतले एक-दोन मुलगे, सगळे एकच विचारतात: यावर घर चालेल का? चालतं. पण त्यासाठी नुसतं शिवता येऊन भागत नाही. मला जे उमगलं ते हे.

१. आधी टाक्यांचा हिशोब मांडा.
पाच बाय सात फुटांची साधी गोधडी घ्या. धावदोऱ्याच्या ओळी अर्ध्या इंचावर घातल्या तर सुमारे १२० ओळी होतात. ओळ ७ फुटांची, म्हणजे सगळी मिळून ८४० फूट, अडीचशे मीटरच्या वर शिवण. इंचाला दोन टाके धरले तर २० हजार टाके. हात बसलेल्या बाईला एका ओळीला २० मिनिटं लागतात असं धरलं तरी ४० तास झाले. साड्या धुणं, फॉल उसवणं, थर पसरून टाचणं यात आलंच नाही. ताशी १०० रुपये लावले की नुसती शिलाई ४ हजार. हा आकडा तोंडपाठ हवा, कारण गिऱ्हाईक म्हणणारच, ‘जुन्याच साड्या ना, मग ८०० ला द्या की!’

२. हौसेच्या भावात विकू नका.
या एका गोष्टीसाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे. नवशिक्यांना वाटतं, दोऱ्या-कापडाचे पैसे सुटले तरी पुष्कळ. वेळ काय, टीव्हीसमोर जातोच. एका प्रदर्शनात माझ्या शेजारच्या ताईंनी देखणी गोधडी ९०० रुपयांना देऊन टाकली. घेणाऱ्या बाई तशाच पुढच्या स्टॉलवर गेल्या आणि बचत गटातल्या मावशींना म्हणाल्या, “तिथं ९०० ला मिळाली, तुम्ही ३ हजार कसले मागता?” मावशींनी भाव उतरवला नाही. गोधडीही गेली नाही. संध्याकाळी सामान बांधताना त्या मला म्हणाल्या, “त्यांचं घर पगारावर चालतंय गं. माझं ह्याच्यावर.” खेड्यापाड्यांत, शहरातल्या वस्त्यांत लोकांच्या गोधड्या शिवून पोट भरणाऱ्या कितीतरी बाया आहेत. आपण बाजारात बसतो ते त्यांच्या शेजारी. आपल्या घरात पैसा दुसरीकडून येत असेल, तर भाव पाडायचा हक्क आपल्याला मुळीच नाही.

३. आत काय भरता ते सांगा.
गिऱ्हाइकाला ते कळायलाच हवं, कारण सिंथेटिक साडी आत घातली की थर सरकतात आणि घाम टिपला जात नाही. लाल-जांभळं कापड ओलं करून पांढऱ्या रुमालावर दाबून बघायचं. रंग उतरला तर ते बाजूला.

४. आठवणींची गोधडी सगळ्यात जपून.
आई गेल्यावर तिच्या साड्या घेऊन लोक येतात. एकीनं आणलेली इरकल काठाला धडधाकट होती, पण अंगात इतकी विरलेली की सुई टोचली तिथं भोक मोठं व्हायचं. असं कापड वर घ्यायचं नाही. त्याच्या दोन्ही अंगांना मऊ, मजबूत सुती साडी द्यायची, ते मधे ठेवायचं, आणि काठ तेवढा सोडवून वर चौकट म्हणून लावायचा. कुठली साडी कुठं जाणार याचं कच्चं चित्र काढून गिऱ्हाइकाची त्यावर सही घेते. कात्री लागल्यावर ती साडी पुन्हा साडी होत नाही, म्हणून हे सगळं कात्री लावण्याआधी.

५. मोठ्या ऑर्डरीला घाबरू नका, पण त्यात बुडूही नका.
अमेरिकेत अलाबामाच्या विल्कॉक्स परगण्यात कृष्णवर्णीय बायकांनी १९६६ साली ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था काढली. १९७२ मध्ये त्यांना सीअर्स कंपनीचं कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं काम मिळालं. सगळं एकसारखं, मापात; स्वतःचं काही घालायला वाव नाही. पण मजुरी मिळत होती, आणि उरलेलं कॉर्डरॉय घरी नेऊन तिथल्या बायकांनी आपल्या मनाच्या गोधड्या शिवल्या. त्याच भागातल्या गीज बेंड गावच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या. हॉटेलचं किंवा दुकानाचं एकछापी काम मीही घेते. मात्र आठवड्यातले काही दिवस माझ्या स्वतःच्या मांडणीचे असतात, ते कुणाला देत नाही.

६. जिचं आहे तिचं नाव घ्या.
कोपऱ्यांना कापडाच्या घडीची फुलं आणि कडेकडेनं शिवत मध्यापर्यंत जाणारे टाके ही कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या बायका शिवतात त्या गोधडीची, कवंदीची, खूण आहे. आवडली म्हणून शिकावी, शिवावी. पण विकताना ‘आमची पारंपरिक गोधडी’ म्हणू नये. चिठ्ठीवर ‘सिद्दी कवंदीवरून’ असं लिहायला किती जागा लागते!

७. हंगामाचे पैसे आधी बाजूला काढा.
नवरात्राआधी घरोघरी गोधड्या धुवायला निघतात, तेव्हा फाटकं-विटकं दिसतं आणि चौकशा सुरू होतात. खरी विक्री दिवाळीपासून थंडी सरेपर्यंत. पावसाळ्यात कापड वाळत नाही, कुबट वास धरतं, म्हणून धुलाईचं काम मेअखेर उरकायचं. शिवण उन्हाळ्यात आणि पैसे हिवाळ्यात, ही फट कशानं भरणार ते नोकरी सोडण्याआधी ठरवा. ‘माल ठेवून जा, विकला की पैसे देतो’ म्हणणाऱ्या दुकानाला एकदोनपेक्षा जास्त नग द्यायचे नाहीत. ऑर्डरीला निम्मा इसार घ्यायचा.

८. काम वाढलं की दुसरीला द्याल, तेव्हा तिचे तासही तुमच्याच दरानं मोजा.
माझ्याकडे शिवणाऱ्या बायकांचा हिशोब दर शनिवारी होतो. गोधडी विकली गेली की नाही, याचा त्याच्याशी संबंध नसतो. इसाराची रक्कम मी त्यासाठीच वेगळी ठेवते.