आधी औषधांची पिशवी उघडा

घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात थरथरू लागला की दोन निदाने घरबसल्या होतात: 'वय झाले' नाहीतर 'पार्किन्सन्स झाला'. दोन्हींची सोय एकच, की पुढे काही विचारावे लागत नाही. पण कंप, हालचालींतला मंदपणा, तळपायांच्या मुंग्या ही लक्षणे आहेत, रोगांची नावे नव्हेत. आणि ज्या कारणांवर इलाज सर्वांत सोपा, त्यांतली काही घरातल्या औषधांच्या पिशवीतच असतात. म्हणून माझा आग्रह असा, की रोगाचे नाव ठरण्याआधी ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर पूर्ण रिकामी व्हावी.

कंप केव्हा येतो, हे आधी पाहावे. हात मांडीवर निवांत असताना अंगठा आणि तर्जनी गोळी वळल्यासारखी हलत असतील आणि काही उचलायला गेल्यावर थरथर कमी होत असेल, तर संशय पार्किन्सन्सकडे जातो. उलट एरवी हात स्थिर, पण कप तोंडाशी नेताना चहा सांडतो आणि आई-वडिलांपैकी कुणाचे हातही असेच थरथरत, तर तो बहुधा 'एसेन्शियल ट्रेमर', म्हणजे वेगळाच आजार. थायरॉइड वाढला तरी हात थरथरतात. दम्याच्या सॅल्ब्युटॅमॉलने आणि फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटनेही. शिवाय पार्किन्सन्समध्ये कंप असतोच असे नाही. खरी खूण मंदपणाची. अक्षर बारीक होत जाते, बँकेत सही जुळत नाही, शर्टाची बटणे लावायला वेळ लागतो, चालताना एक हात हलायचा थांबतो. घरचे म्हणतात, 'अलीकडे हसत नाहीत, रागावलेत बहुतेक.' चेहऱ्याचे स्नायू मंदावलेत, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

औषधाने हीच अवस्था येऊ शकते, ही काही आडवाटेची शंका नव्हे. या रोगाचे रसायन उलगडले तेच अशा एका औषधाच्या वाटेने, आणि त्या वाटेवर मुंबईही लागते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधून सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे ठेवला. तिच्यातून पुढे वेगळे काढलेले रेसर्पीन जगभर वापरले गेले, आणि काही रुग्णांचे अंग ताठर, हालचाली मंद होऊ लागल्या. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे डोपामीनचा कच्चा माल, दिले, आणि ते पुन्हा हालू लागले. मेंदूतल्या डोपामीनचे महत्त्व त्यातून कळले. २००० साली कार्लसन नोबेलचे मानकरी झाले.

रेसर्पीन आता मागे पडले, पण डोपामीनची वाट अडवणारी औषधे पडली नाहीत. मानसिक आजारांवरची अनेक औषधे तशी आहेत, हे निदान ठाऊक तरी असते. ध्यानात येत नाहीत ती साध्या तक्रारींवरची: उलटीवरचे मेटोक्लोप्रमाइड, चक्करेवरचे सिनरिझीन आणि प्रोक्लोरपेराझीन, अर्धशिशीवरचे फ्लुनारिझीन, आणि ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्रॅझोलच्या जोडीला बसलेले लेव्होसल्पिराइड. ही कॅप्सूल लोक 'गॅसची गोळी' म्हणून महिनोन्‌महिने घेतात, तीच चिठ्ठी दाखवून पुन्हा आणतात. पट्टीवर मोठे असते ते कंपनीने ठेवलेले नाव. घटक मागे बारीक अक्षरांत, आणि दुकानदाराने पट्टी कापून दिली तर तेही हाती येत नाहीत. मग हालचाली मंदावतात, पार्किन्सन्सची गोळी सुरू होते, तिने मळमळते, आणि मळमळीवर कुणी मेटोक्लोप्रमाइड दिले की वर्तुळ पूर्ण. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००९ मध्ये या मेटोक्लोप्रमाइडवर कडक इशारा छापायला लावला, कारण दीर्घकाळ घेतल्यास ओठ-जिभेच्या अनावर हालचाली जडतात आणि औषध थांबवूनही त्या कधीकधी जात नाहीत.

यावर कुणी म्हणेल, लाखो लोक ही औषधे घेतात, त्यांना कुठे काय होते? बहुतेकांना होत नाही, खरेच. पण धोका वयाबरोबर आणि घेण्याच्या कालावधीबरोबर वाढतो, आणि महिनोन्‌महिने गॅसची गोळी घेणारे बहुधा वयस्करच असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा: काहींना पार्किन्सन्स आतून सुरू झालेलाच असतो, औषधाने तो फक्त उघडा पडतो. मान्य. म्हणूनच औषध थांबवल्यावर काही महिने वाट पाहावी लागते. लक्षणे ओसरली तर ठीक, टिकली किंवा वाढली तर निदान पक्के होते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी झालेली सुरुवात औषधाकडे बोट दाखवते, तरी एवढ्यावरून निकाल देता येत नाही. तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो: हे वाचून कुणी मनाने गोळ्या बंद करील. तसे अजिबात करू नये. स्किझोफ्रेनियाचे किंवा फिट्सचे औषध एकाएकी थांबवणे कंपापेक्षा कितीतरी घातक ठरते. विचारायचे आपण, थांबवायचे डॉक्टरांनी.

नसांच्या तक्रारींनाही हाच न्याय लागतो. तळपाय बधिर, चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो: हे मधुमेहाने होते, तसेच बी-१२ च्या कमतरतेनेही, आणि हिमोग्लोबिन ठीक असले तरी होते. शाकाहारी माणूस वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेत असेल, तर बी-१२ तपासलेच पाहिजे. मात्र 'नसांच्या ताकदीची' गोळी मनाने घेऊ नये. तिच्यातले बी-६, म्हणजे पायरिडॉक्सीन, जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास नसा स्वतःच बिघडवते. क्षयाच्या आयसोनियाझिडबरोबर नसा जपायला देतात ते हेच जीवनसत्त्व, फरक मात्रेचा.

यातली कोणतीही गोष्ट लागू पडत नाही असा एक प्रसंग सांगायलाच हवा. पायांपासून सुरू झालेली कमजोरी काही दिवसांतच वर चढू लागली, जिना चढवेना, घास गिळवेना, तर ते गियाँ-बारे सिंड्रोम असू शकते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याचीच साथ आली होती. त्यात श्वासाचे स्नायूही निकामी होऊ शकतात. अशा वेळी पट्ट्या वाचत बसू नका, रुग्णाला थेट अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या.