‘रोजची भाकर’ : प्रार्थना, दान आणि ईश्वरनिष्ठा यांचा वर्धा-सेवाग्राम परिसरातील अर्थ

१. प्रास्ताविक

मत्तयकृत शुभवर्तमानाचा सहावा अध्याय हा डोंगरावरील प्रवचनाचा मध्यभाग होय. गुप्तपणे करावयाचे दान, एकांतात करावयाची प्रार्थना, प्रभूची प्रार्थना, उपवास, पृथ्वीवरील संपत्तीच्या साठ्याविषयीचा इशारा, दोन धन्यांची चाकरी अशक्य असल्याचे प्रतिपादन आणि अखेरीस उद्याची चिंता न करण्याचा उपदेश असा या अध्यायाचा क्रम आहे. उपदेशपर वाङ्मयात हे विषय बहुधा सुटे सुटे घेतले जातात. दानावर एक प्रवचन होते, प्रार्थनेवर दुसरे, आणि धनाच्या मोहावर तिसरे. परंतु मूळ अध्यायात ते एकाच विचाराचे भाग आहेत. ज्याच्याकडे आपण हात पसरतो त्याच्यावर आपला खरोखर विश्वास आहे काय, हा प्रश्न त्या सर्वांच्या मुळाशी आहे.

हा एकात्म विचार विसाव्या शतकात महाराष्ट्रात दोन ठिकाणी विशेष कसोटीला लागलेला दिसतो. एक म्हणजे रे. नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचा संसार आणि त्याचे ‘स्मृतिचित्रे’मधील चित्रण, दुसरे म्हणजे वर्धा येथील मगनवाडी व तिच्या निकटचे सेवाग्राम येथे जे. सी. कुमारप्पा व त्यांचे सहकारी यांनी चालविलेले कार्य. या दोन्ही उदाहरणांच्या आधारे प्रभूच्या प्रार्थनेतील ‘भाकर’ या शब्दाचा अर्थ शोधणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. ‘भाकर’ या शब्दाची व्याप्ती

प्रभूच्या प्रार्थनेतील अन्नाच्या मागणीत जे ग्रीक विशेषण आले आहे ते ग्रीक वाङ्मयात अत्यंत दुर्मीळ असून त्याच्या अर्थाविषयी प्राचीन काळापासून मतभेद आहेत. ‘रोजची’, ‘गरजेपुरती’, ‘येणाऱ्या दिवसाची’ असे त्याचे भिन्न अर्थ केले जातात. अर्थ कोणताही घेतला तरी मागणीची मर्यादा स्पष्ट राहते. कोठारभर धान्य मागितलेले नाही. एका दिवसाचे मागितले आहे. निर्गम ग्रंथातील मान्नाची कथा या मागणीची पार्श्वभूमी म्हणून लक्षात घ्यावी लागते. अरण्यात मिळालेले ते अन्न ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले त्यांच्याकडे ते नासले, असे ती कथा सांगते.

मराठी बायबलने येथे ‘भाकर’ हा शब्द स्वीकारला, ही गोष्ट केवळ भाषांतराच्या सोयीची नाही. भाकर हे पक्वान्न नव्हे. वऱ्हाड-वर्धा भागात ज्वारीची भाकर हे कष्टकऱ्याच्या जेवणाचे मुख्य अन्न होते. ती साठवता येत नाही. रोज दळावे, रोज थापावे लागते. त्या शब्दामागे शेतात राबणारा पुरुष जसा उभा आहे, तशीच जात्यावर बसणारी आणि चुलीपुढे घाम गाळणारी स्त्रीही उभी आहे. दुसरे म्हणजे प्रार्थनेतील सर्वनाम अनेकवचनी आहे. भाकर ‘माझी’ नसून ‘आमची’ आहे. शेजारी उपाशी असताना केवळ स्वतःच्या ताटासाठी ही प्रार्थना उच्चारता येत नाही. याकोबाच्या पत्रात, अन्नवस्त्राला मोताद झालेल्या भावाबहिणीला केवळ शुभेच्छा देऊन वाटेस लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव ठरविला आहे, तो याच न्यायाने.

३. टिळकांचा विश्वास आणि लक्ष्मीबाईंची चूल

रे. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकारामादी संतांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची धारणा होती आणि ‘अभंगांजली’तील रचनेवर त्या धारणेचा ठसा आहे. धनाविषयीची त्यांची उदासीनता संतांच्या वैराग्याशी नाते सांगते. हाती आलेले देऊन टाकावे, उद्याचे ईश्वर पाहील, अशी त्यांची वृत्ती होती. १९१७ मध्ये मिशनची वेतनी सेवा सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन करण्याचे पाऊल उचलले, तेही या वृत्तीचे फळ होय.

या वृत्तीची दुसरी बाजू लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसते. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रात पतीच्या औदार्याविषयी आदर आहे, प्रेम आहे, आणि मिस्कील तक्रारही आहे. पतीने देऊन टाकले की घरात काय उरले याचा हिशेब पत्नीला करावा लागे. एकाचा विश्वास आणि दुसरीचे श्रम असा हा संसार होता. मात्र लक्ष्मीबाई केवळ सोसणाऱ्या राहिल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात नगर भागातील अनाथ मुलांना या दांपत्याने आश्रय दिला, तेव्हा त्यांच्या जेवणाखाण्याचा व आजारपणाचा भार मुख्यतः लक्ष्मीबाईंनी वाहिला. आणि त्या वेळी त्यांनी स्वतः अद्याप ख्रिस्ती धर्म स्वीकारलेला नव्हता अथवा त्या नुकत्याच त्या वाटेवर आल्या होत्या. धर्मांतराच्या विधीआधीच दानाचा धर्म त्यांच्या हातून घडत होता, असे म्हणावे लागते.

‘स्मृतिचित्रे’ने धर्मचिंतनापुढे ठेवलेला प्रश्न असा : ईश्वरावर भार टाकणाऱ्याचा भार प्रत्यक्षात कोण उचलतो? आकाशातील पाखरांचा दृष्टांत सांगणाऱ्या प्रत्येक प्रवचनकाराने या प्रश्नाचे उत्तर देणे आवश्यक आहे. हा प्रश्न एका घरापुरता नाही. समाजाच्या पातळीवर तोच प्रश्न अर्थशास्त्राचा होतो, आणि त्या पातळीवर त्याचा विचार वर्ध्यात झाला.

४. मगनवाडीतील ख्रिस्ती अर्थविचार

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. वर्धा येथे जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेत, मगनवाडीत, संघाचे कार्य सुरू झाले. कुमारप्पा संघाचे मंत्री होते. तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबात १८९२ मध्ये जन्मलेले, लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेतलेले, मुंबईत तो व्यवसाय केलेले आणि अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थकारणाचा अभ्यास केलेले कुमारप्पा १९२९ मध्ये गांधीजींना भेटले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा पालटली. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास गेले. १९४० मध्ये त्या गावाचे सेवाग्राम असे नामकरण झाले. नई तालीमचे कार्य सेवाग्रामात चालविणारे ई. डब्ल्यू. आर्यनायकम हेही सिलोनचे तमिळ ख्रिस्ती होते. आश्रमाच्या सर्वधर्मप्रार्थनेच्या या वातावरणात ख्रिस्ती विचार पाहुणा म्हणून नव्हे, तर घरचा म्हणून वावरत होता.

गांधीजींच्या अर्थविचारातही तो पूर्वीपासून होता. २२ डिसेंबर १९१६ रोजी अलाहाबादच्या म्यूर कॉलेजात अर्थशास्त्र मंडळापुढे बोलताना त्यांनी भौतिक प्रगती व खरी प्रगती यांतील विरोध दाखविण्यासाठी मार्कच्या शुभवर्तमानातील श्रीमंत तरुणाची कथा आधाराला घेतली होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे शुभवर्तमान हा अर्थशास्त्राचा ग्रंथ म्हणून ठेवला गेला, ही त्या भाषणातील विशेष गोष्ट होय.

कुमारप्पांनी हा धागा पुढे नेला. १९४२ च्या आंदोलनानंतरच्या कारावासात त्यांनी येशूच्या आचरणावर व उपदेशावर एक, आणि शाश्वत अर्थव्यवस्थेवर एक अशी दोन पुस्तके लिहिली. ती १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच कोठडीत, एकाच काळात ही दोन पुस्तके लिहिली जावीत, यातच त्यांच्या विचाराचे सूत्र आहे. शाश्वत अर्थव्यवस्थेच्या पुस्तकात त्यांनी निसर्गातील व्यवहारांचे परोपजीवी, लुटारू, उद्यमी, समूहनिष्ठ आणि सेवापर असे पाच प्रकार केले. सेवापर व्यवहाराचे त्यांचे उदाहरण पिलांसाठी झिजणाऱ्या मातेचे आहे. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता देणे ही त्यांच्या मते अर्थव्यवस्थेची सर्वोच्च पायरी होय. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील गुप्त दानाचा उपदेश येथे अर्थशास्त्राच्या परिभाषेत आला आहे.

पैशाविषयीचे त्यांचे विवेचनही या संदर्भात महत्त्वाचे ठरते. शेतकऱ्याचा माल नाशवंत असतो. नाणे नासत नाही. म्हणून बाजारात नाणेवाला थांबू शकतो आणि मालवाल्याला पडेल भावाने विकावे लागते. शुभवर्तमान सांगते की पृथ्वीवरील साठ्याला कसर आणि गंज लागतो. कुमारप्पांचे निरीक्षण या वचनाला छेद देत नाही, त्याची धार वाढविते. मनुष्याने कसर न लागणारा साठा शोधून काढला, आणि त्या साठ्याने दुबळ्यावर सत्ता मिळविली. धन हा केवळ अंतःकरणाचा मोह राहत नाही. तो दुसऱ्याच्या भाकरीवरचा अधिकार होतो. दोन धन्यांविषयीचे वचन कठोर का आहे, ते यावरून स्पष्ट होते. घाणी, हातकागद, मधमाशापालन, हातसडीचा तांदूळ यांसारखे मगनवाडीतील उद्योग म्हणजे हा अधिकार मोडण्याचे प्रयत्न होते.

५. आक्षेप आणि मर्यादा

या अर्थविचारावर दोन आक्षेप संभवतात. पहिला शास्त्राधारित आहे. आकाशातील पाखरे पेरीत नाहीत, कापणी करीत नाहीत. मग शरीरश्रमाला व्रत मानणारा सेवाग्रामचा विचार या वचनाशी कसा जुळावा? याचे उत्तर दृष्टांताच्या रोखात आहे. पाखरे कोठारात साठवीत नाहीत, हा तेथील मुद्दा आहे. ती निष्क्रिय असतात असे तेथे म्हटलेले नाही. पाखरू दिवसभर चारा शोधते. श्रम निषिद्ध नाही, चिंता आणि साठा निषिद्ध आहेत. तरीही एक गोष्ट मान्य करावयास हवी. ख्रिस्ती प्रार्थनेत भाकर ही अखेर देणगी आहे, मजुरी नव्हे. श्रमावरच सारा भर दिल्यास ही कृपेची जाणीव क्षीण होण्याचा धोका असतो. टिळकांची काव्यसंपदा ही उणीव भरून काढते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. मगनवाडीची जागा एका उद्योगपतीच्या दानातून आली, आणि सेवाग्रामलाही जमनालालजींचा मोठा आधार होता. श्रीमंत तरुणाला सर्व विकून गरिबांस देण्यास सांगणारा येशू आणि धनिकाने विश्वस्त म्हणून धन सांभाळावे असे सांगणारे गांधीजी यांत अंतर आहे, ते झाकण्यात अर्थ नाही. विश्वस्तवृत्तीत देणाऱ्याचे स्वामित्व काही अंशी उरतेच. मार्कच्या शुभवर्तमानातील विधवेचे दान मोठे ठरले ते रकमेने नव्हे, तिच्याजवळ काही उरले नाही म्हणून. या अंतरावर विनोबांनी पुढे भूदानाच्या रूपाने काम केले. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे आरंभ झालेल्या त्या चळवळीत दान म्हणजे भिक्षा नव्हे, तर सम विभाजन, हा शंकराचार्यांच्या व्याख्येवर आधारलेला अर्थ त्यांनी पुढे ठेवला. त्याच विनोबांनी नव्या करारातील निवडक वचनांचा ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध केला, हा योगायोग मानता येत नाही.

६. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की टिळकांच्या घरात आणि वर्ध्याच्या मगनवाडीत एकाच प्रार्थनेची दोन अर्धे वाचली गेली. टिळकांनी ‘दे’ या क्रियापदावर भर दिला, कुमारप्पांनी ‘आमची’ या सर्वनामावर. पहिल्या अर्ध्यात कृपेचा विश्वास आहे, पण त्याचा भार घरातील एका स्त्रीवर पडला. दुसऱ्या अर्ध्यात भार वाटून घेण्याची व्यवस्था आहे, पण ती व्यवस्था धनिकाच्या सौजन्यापासून पूर्णपणे मुक्त झाली नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासात ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र म्हणून वाचले जाते आणि कुमारप्पांचे लेखन अर्थशास्त्राकडे सोपविले जाते. ही विभागणी बाजूला ठेवून दोन्ही एकत्र वाचल्यास लक्ष्मीबाईंच्या तक्रारीत एक धर्मशास्त्रीय प्रश्न आढळतो, आणि मगनवाडीच्या घाणीत व हातकागदात त्याचे अपुरे, परंतु प्रामाणिक उत्तर आढळते. ईश्वरावरील भरवसा खरा की सोयीचा, याची कसोटी प्रार्थना करणाऱ्याच्या शब्दांत नसून त्याच्या भाकरीचे पीठ कोणी दळले आणि ती कोणाबरोबर वाटली गेली यात आहे.