पावसाळ्यात पोल्ट्रीकडे वळणारे उंदीर

मृगाचा पाऊस जोर धरतो, बांधावरची बिळं पाण्याने भरतात आणि उंदीर कोरडी जागा शोधत पोल्ट्री शेडकडे वळतात. तिथे ऊब असते, तूस असतं, सांडलेलं खाद्य असतं. कुरतडलेली पोती शेतकऱ्याला लगेच दिसतात. त्याहून मोठं नुकसान लेंडीतून होतं.

साल्मोनेला हा जिवाणू उंदराच्या आतड्यात वाढतो. बाधित उंदराच्या एकाच लेंडीत हे जिवाणू लाखाच्या घरात असू शकतात. लेंडी खाद्यात पडली की कोंबडी ती टिपते. साल्मोनेलाच्या काही प्रकारांनी पिल्लांना पांढरी हगवण लागते, मोठे पक्षी टायफॉइडने मरतात. तो रोग निदान दिसतो तरी. एन्टरायटिडिस हा प्रकार माणसासाठी जास्त घातक, कारण कोंबडी तजेलदार दिसते, अंडी देत राहते आणि कवच तयार होण्याआधीच जिवाणू अंड्यात शिरलेला असतो. असं अंडं वरून धुऊन उपयोग नाही. बलक घट्ट होईपर्यंत शिजवावंच लागतं.

2010 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात साल्मोनेलामुळे 50 कोटींहून अधिक अंडी बाजारातून परत मागवावी लागली. तिथल्या शेडच्या तपासणीत उंदीर, भिंतींना पडलेली भोकं आणि विष्ठेचे मोठाले ढीग आढळले.

पक्ष्यांचा लॉट उचलल्यावर शेड धुऊन, चुना मारून ठेवणारे शेतकरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण भिंतीतले उंदीर तसेच राहिले तर ही सगळी मेहनत वाया जाते आणि जुना रोग नव्या पिल्लांना लागतो. म्हणून उंदरांचा बंदोबस्त लॉट निघताच करावा. सांडलेलं खाद्य झाडून काढलं की भुकेला उंदीर आमिष लवकर घेतो. ब्रोमाडिओलोन या उंदीरनाशकाची वडी बंद आमिषपेटीत, भिंतीलगत ठेवावी. झिंक फॉस्फाइड शेडमध्ये अजिबात वापरू नये. कोंबडीने ते आमिष खाल्लं तर तीही मरते. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतूनही लहान उंदीर आत येतो, त्यामुळे फटी सिमेंटने बुजवाव्यात आणि खिडक्यांना 6 मिलिमीटरची जाळी लावावी. खाद्याची पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत. शेडभोवतीचं गवतही काढावं.

हाच उंदीर भातखाचरात लेप्टोस्पायरोसिस पसरवतो. त्याच्या मूत्रातले जिवाणू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेत शिरतात. कोकणातल्या शेतकऱ्यांना हा आजार चांगलाच ठाऊक आहे. चिखलात उतरताना गमबूट घालावेत. ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं अशी लक्षणं दिसली तर अंगावर न काढता आरोग्य केंद्र गाठावं.

पुन्हा शेडकडे वळू. पक्षी मरू लागले की दुकानातून प्रतिजैविक आणून पाण्यात टाकायची सवय मात्र सोडायला हवी. जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात, म्हणूनच कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या पशुपालनातल्या वापरावर केंद्र सरकारने 2019 मध्ये बंदी घातली. मेलेला पक्षी फेकून देण्याआधी पशुवैद्यकाला दाखवा, शवविच्छेदन करून घ्या आणि मगच औषध ठरवा.