तुतनखामूनचा शाप कुणाला लागला?

प्रश्न : बडोद्याच्या संग्रहालयातली ममी पाहून आल्यापासून आमच्या सातवीतल्या मुलाने एकच धोशा लावला आहे. इजिप्तमधल्या एका राजाचे थडगे ज्यांनी उघडले ते सगळे शापाने मेले, असे त्याने एका व्हिडिओत पाहिले. थडग्याच्या दारावर तसे लिहूनच ठेवले होते म्हणे. यात खरे किती? — एक वाचक, नाशिक

उत्तर : व्हिडिओतला राजा बहुधा तुतनखामून असावा. शापाच्या बहुतेक गोष्टी त्याच्याच थडग्यापाशी येऊन थांबतात. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

४ नोव्हेंबर १९२२ रोजी लक्सरसमोर, नाईलच्या पलीकडच्या ‘राजांच्या खोऱ्यात’ हॉवर्ड कार्टर यांच्या मजुरांना खडकात कोरलेली एक पायरी लागली. खोदकामाचा खर्च लॉर्ड कार्नार्व्हन हे इंग्रज उमराव करत होते. पुढच्या फेब्रुवारीत राजाचा दफनकक्ष उघडला आणि ५ एप्रिल १९२३ रोजी कार्नार्व्हन कैरोतल्या एका हॉटेलात वारले. थडगे उघडले आणि धनी गेला! अफवेला आणखी काय लागते?

आता ते गेले कशाने ते पाहू. त्यांच्या गालावर डास चावला. दाढी करताना नेमका तिथेच वस्तरा लागला, जखम चिघळली, विष रक्तात भिनले आणि शेवटी न्यूमोनिया झाला. तेव्हा प्रतिजैविके नव्हती. पेनिसिलिनचा शोधच १९२८ मधला. शिवाय मुळात प्रकृती तोळामासा. जर्मनीत झालेल्या मोटार अपघातानंतर त्यांची छाती कायमची कमजोर झाली होती आणि इंग्लंडची थंडी सोसेना म्हणून ते हिवाळ्यात इजिप्तला येत. तिथे वेळ घालवायला म्हणून उत्खननाचा नाद लागला. म्हणजे थडग्याने त्यांना आजारी पाडले नाही. आजारपणानेच त्यांना थडग्यापर्यंत आणले होते.

एवढ्या साध्या मृत्यूचा शाप झाला कसा, याचे उत्तर मात्र इजिप्तमध्ये नाही, वर्तमानपत्रांत आहे. जानेवारी १९२३ मध्ये कार्नार्व्हन यांनी थडग्याच्या बातम्यांचे हक्क लंडनच्या ‘द टाइम्स’ला ५,००० पौंडांना विकून टाकले. बाकीच्या वर्तमानपत्रांची, खुद्द इजिप्शियन पत्रांचीसुद्धा, मोठी पंचाईत झाली. शतकातला सर्वांत मोठा शोध समोर आणि वार्ताहर बाहेर उन्हात ताटकळत. त्यांना अशी बातमी हवी होती जिला कार्टर यांच्या परवानगीची गरज पडणार नाही. शाप त्यासाठी फारच सोयीचा. त्याला पुरावा लागत नाही आणि कुणी त्याचा खुलासाही छापत नाही.

मेरी कोरेली या लोकप्रिय कादंबरीकार बाईंनी कार्नार्व्हन यांच्या मृत्यूच्या जेमतेम दोन आठवडे आधी, थडग्यात शिरणाऱ्याला भयंकर शिक्षा होते, असे पत्र प्रसिद्ध केले होते. तेव्हा कार्नार्व्हन आजारी असल्याची बातमी फुटलेलीच होती, हे सांगायला सगळे विसरतात. पुढे शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनीही राजाच्या राखणीला ठेवलेल्या अदृश्य शक्तींचा हात असू शकतो, असे सांगून टाकले. डॉइल यांना भुताखेतांचे वेड होते आणि १८९२ मध्येच त्यांनी जिवंत होणाऱ्या ममीची एक कथा लिहिली होती. त्याहून आधी, १८६९ मध्ये, अमेरिकेच्या लुईझा मे अल्कॉट यांनी चक्क ममीच्या शापावरच कथा लिहिली होती. म्हणजे साचा तयारच होता. नाव तेवढे कार्नार्व्हन यांचे घालायचे बाकी होते. त्यांनी प्राण सोडला तेव्हा कैरोतले दिवे गेले, हेही मोठ्या गांभीर्याने सांगतात. कैरोत तेव्हा वीज वरचेवर जात असे. वीज जाणे हीच शापाची खूण मानली, तर आपल्याकडची निम्मी गावे शापित ठरतील.

दारावरच्या मजकुराचे म्हणाल, तर तसा मजकूर नव्हता. ‘राजाची शांती भंग करणाऱ्यावर मृत्यू झडप घालील’ अशा अर्थाचे जे वाक्य सांगितले जाते, ते थडग्यात कुठेच सापडलेले नाही. आत मातीची एक छोटी वीट होती. वाळवंटातली वाळू दफनकक्षात शिरू न देण्याची जबाबदारी तिच्यावरच्या मंत्रात घेतलेली आहे. एका वार्ताहराने त्याला ‘उंबरा ओलांडणाऱ्याला मी ठार करीन’ अशी पुरवणी स्वतःच जोडून दिली.

पण म्हणून इजिप्तमध्ये शाप नव्हतेच असे समजू नका. होते, आणि चांगले सणसणीत होते. फक्त ते बरेचसे राजांच्या नव्हे, अधिकाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या थडग्यांवर सापडतात. तुतनखामूनच्या हजारभर वर्षे आधीचे. सक्कारा इथल्या खेंतिका नावाच्या अधिकाऱ्याने बजावले आहे, की अशुद्ध स्थितीत माझ्या थडग्यात येणाऱ्याची मान मी पाखरासारखी धरीन. दुसऱ्या एकाने पाण्यात मगर आणि जमिनीवर साप मागे लावण्याची धमकी दिली आहे. या थडग्यांचा वरचा भाग देवघरासारखा उघडा असे. नातलग आणि पुरोहित तिथे भाकरी, बिअर यांचा नैवेद्य आणत. तिथे कुणी विटाळ करू नये, दगड पळवू नये, नैवेद्य बंद पाडू नये, ही काळजी. आपल्याकडे शिलाहारांच्या काळात दान दिलेली जमीन कुणी हडपू नये म्हणून ‘गधेगाळ’ नावाचा दगड उभारत. त्यावर कोरलेली शिवी आणि हे शाप एकाच कामाचे. वतन सांभाळायला पहारेकरी परवडत नसेल तर दुसरे करणार काय?

बरे, या शापांना खुद्द इजिप्तचे लोक तरी भीत होते का? चोर तर मुळीच नाहीत. तुतनखामूनच्या थडग्यातच प्राचीन काळी दोनदा चोरी झाली होती. चोरांनी पाडलेली आणि रखवालदारांनी पुन्हा बुजवलेली भगदाडे कार्टर यांना स्पष्ट दिसली. इसवी सनापूर्वी ११०० च्या सुमारास थीब्जला, म्हणजे आजच्या लक्सरला, थडगेचोरांवर खटले चालले, त्यांचे कागद पपायरसवर शिल्लक आहेत. आमेनपनुफर नावाच्या पाथरवटाने कबुली दिली आहे की, सोबेकेमसाफ राजाचे थडगे फोडून आम्ही त्याच्या ममीवरचे सोने ओरबाडले आणि शवपेट्या जाळून टाकल्या. पुढे तो पकडला गेला. त्याने आपल्या वाट्याचे सोने एका लेखनिकाला चारले, सुटला आणि साथीदारांकडे परत गेला. त्यांनी त्याला पुन्हा वाटा दिला. हे लोक त्याच देवांना भजणारे, तीच लिपी भोवती पाहणारे. त्यांना शापापेक्षा लेखनिकाची भीती जास्त होती.

आता मुलाचा खरा मुद्दा : ‘सगळे मेले’. मेले हे खरे. प्रश्न कधी, हा आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे हर्बर्ट विनलॉक या बातम्यांना इतके कंटाळले की १९३४ मध्ये त्यांनी यादीच केली. थडगे उघडताना हजर असलेल्या २६ जणांपैकी दहा वर्षांत सहा जण वारले. दगडी शवपेटी उघडताना हजर असलेल्या २२ जणांपैकी दोघे. आणि ममीची वस्त्रे सोडवताना जे १० जण होते, त्यांतला एकही नाही. राजाच्या जितके जवळ जावे तितके आयुष्य वाढते, असा निष्कर्ष यातून काढायला हरकत नाही! पुढे २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मार्क नेल्सन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हाच हिशेब संख्याशास्त्राच्या कसोटीवर लावला. शापाच्या ‘कक्षेत’ आलेल्या २५ जणांचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ७० निघाले, तेव्हा इजिप्तमध्ये असूनही कक्षेबाहेर राहिलेल्यांचे ७५. पाच वर्षांचा फरक पाहून दचकू नका. माणसे इतकी थोडी असली की दोघातिघांच्या दीर्घायुष्याने सरासरी हलते. संख्याशास्त्राच्या दृष्टीने तो फरक फरकच नव्हता.

नावे घेऊनच सांगायचे तर कार्टर, ज्यांच्यावर शाप सर्वांत आधी पडायला हवा, ते आणखी सोळा वर्षे जगून १९३९ मध्ये ६४ व्या वर्षी कर्करोगाने गेले. ममीची चिरफाड करून तपासणी करणारे डॉ. डग्लस डेरी १९६१ पर्यंत होते. पहिल्या दिवसापासून आत वावरलेली कार्नार्व्हन यांची मुलगी लेडी एव्हलिन १९८० मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी वारली. यांच्यावर मथळे आले नाहीत. म्हातारपणी अंथरुणात आलेला मृत्यू ही बातमी होत नाही, आणि शापाच्या यादीत फक्त बातम्याच मोजल्या जातात.

शापावर विश्वास नसणारे हल्ली बुरशीचे नाव घेतात : बंद थडग्यातल्या विषारी बुरशीने माणसे मेली म्हणे. हे ऐकायला शास्त्रीय वाटते, पण कार्नार्व्हन यांना जुळत नाही. त्यांचे दुखणे गालावरच्या जखमेतून सुरू झाले, आणि त्याच धुळीत दहा वर्षे काम करणाऱ्या कार्टर यांना तसे काही झाले नाही. थडग्याच्या भिंतींवर तपकिरी ठिपके आहेत खरे. गेटी संस्थेच्या तज्ज्ञांनी ते तपासले, तेव्हा त्यांतले सूक्ष्मजीव केव्हाच मेलेले आढळले.

टायटॅनिक ममीमुळे बुडाली, हेही मुलगा आज ना उद्या विचारेलच. ती ‘ममी’ म्हणजे ब्रिटिश म्युझियममधली ममीवर ठेवायची एक रंगीत लाकडी फळी आहे. ती त्या जहाजावर कधीच नव्हती.

तुतनखामूनची ममी मात्र अजून तिथेच, राजांच्या खोऱ्यात आहे. २००७ पासून ती काचेच्या पेटीत ठेवली आहे आणि वेगळे तिकीट काढून कुणालाही पाहता येते. गेलात तर भिंतींना हात तेवढा लावू नका : रोजच्या गर्दीच्या श्वासातली वाफ आणि पायांबरोबर येणारी धूळ यांनी तिथली चित्रे धोक्यात आली आहेत.