जुनी हार्ड डिस्क काढली आणि संगणक उठेना

असेंबल्ड संगणकाला कंपनी नसते. ब्रँडेड यंत्राच्या मागे चिकटवलेला क्रमांक संकेतस्थळावर टाकला की त्याचे सगळे ड्रायव्हर एका पानावर सापडतात. मदरबोर्ड एकाचा, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याचं, वायफाय कार्ड तिसऱ्याचं असं आपण जुळवलेल्या यंत्राचं पान कुठेच नसतं. आत काय आहे आणि काय कशावर चालतं, हे मालकालाच माहीत हवं. तसं नसलं की काय होतं, ते मी बीरगावात बहिणीच्या घरी पाहिलं.

भाऊजींचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप उरल्याच्या औद्योगिक भागात आहे. तिकडच्या काळ्या धुळीत संगणक टिकत नाही, म्हणून हिशेबाचं यंत्र घरी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपणार होता. त्याआधीच त्यांनी नवी एसएसडी बसवून तिच्यावर विंडोज ११ टाकून घेतलं. जुन्या हार्ड डिस्कवर घरचे फोटो होते, ती आत तशीच राहिली. पुढे ती डिस्क करकरायला लागली, म्हणून काढून ठेवली, आणि संगणक सुरूच होईना. काळ्या पडद्यावर एकच ओळ, बूट करायला काही सापडत नाही. दुरुस्तीवाल्याने पाहिलं आणि सांगितलं, “एसएसडी उड़ गई भैया, फॉर्मेट मारना पड़ेगा.” जीएसटीआर-३बी भरायची २० तारीख तोंडावर, आणि टॅलीचा सगळा डेटा त्याच एसएसडीवर.

मी भाऊजींना म्हटलं, फॉरमॅट राहू द्या, आधी जुनी डिस्क परत जोडून बघू. केबल लावली आणि विंडोज नेहमीसारखं उघडलं. एसएसडीला काहीही झालेलं नव्हतं.

हे का झालं, ते नीट समजून घ्या, कारण अनेक घरांत हा सुरुंग आजही पेरलेला असेल. यूईएफआय पद्धतीच्या संगणकात विंडोज सुरू करणाऱ्या फाइली सी ड्राइव्हमध्ये नसतात. त्या ईएफआय नावाच्या वेगळ्या छोट्या पार्टिशनमध्ये असतात. विंडोज टाकताना दुसऱ्या डिस्कवर असं पार्टिशन आधीपासून असेल, तर इन्स्टॉलर पुष्कळदा नवं बनवत नाही, त्यातच आपल्या फाइली ठेवून देतो. इथे विंडोज एसएसडीवर होतं आणि ते उघडायची किल्ली जुन्या डिस्कवर. ती डिस्क आपणहून मेली असती, तरी हेच झालं असतं.

इलाज होता. सर्वांत आधी टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवला. मग विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून सी ड्राइव्ह थोडा आक्रसला, मोकळ्या जागेत नवं ईएफआय पार्टिशन बनवलं आणि बीसीडीबूट या आज्ञेने सुरुवातीच्या फाइली तिथे लिहिल्या. हे काम जपून करावं लागतं, एक चुकीची आज्ञा पूर्ण डिस्क पुसू शकते. टाळणं मात्र अगदी सोपं आहे. विंडोज टाकायच्या आधी, ज्या डिस्कवर टाकायचं ती एक सोडून बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. दुकानात देत असाल तर समोर उभं राहून काढायला लावा. इन्स्टॉलरच्या यादीत डिस्कची नावं नाहीत, ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’ एवढंच दिसतं. केबल काढलेली असली की भलतीच डिस्क पुसली जायची भीतीही उरत नाही.

विंडोज नव्याने टाकायचं असेल तर आणखी थोडी तयारी करा. यंत्र चालू आहे तोवरच सिस्टिम इन्फर्मेशन उघडून मदरबोर्डचं नाव कागदावर लिहा. गिगाबाइट कंपनीच्या बोर्डावर ‘रेव्ह’ म्हणून छापलेला आकडाही लिहा, कारण नाव तेच असून आवृत्ती बदलली की काही चिप बदललेल्या असू शकतात. मग बोर्ड बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून लॅन आणि वायफायचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या. विंडोज ११ मांडणी करतानाच इंटरनेट मागतं, आणि नव्या लॅन चिपचा ड्रायव्हर त्याच्याकडे नसला की गाडी तिथेच अडते. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू केलं तर बहुधा काम होतं.

बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क-कुलपाची ४८ अंकी किल्लीही आधीच शोधून ठेवा. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की पुष्कळ यंत्रांवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. नवं विंडोज आल्यावर डी ड्राइव्ह ती किल्ली मागतो, आणि ती नसली तर आतलं सगळं गेलं. घरात श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी असेल, तर ते फाँटही कॉपी करा. नाहीतर पत्रं, लग्नपत्रिका, कुळवृत्तांत उघडतील खरे, पण अक्षरं निरर्थक दिसतील.

विंडोज बसलं की आधी चिपसेट, मग ग्राफिक्स, मग बाकीचे ड्रायव्हर घाला. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी फुकट सॉफ्टवेअर माझ्या मते घरात आणूच नयेत, त्यांच्यासोबत नको ते आत शिरतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण राहिली, तर तिच्या गुणधर्मांत हार्डवेअर आयडी बघा. ‘व्हेन’च्या पुढे ८०८६ असेल तर भाग इंटेलचा, १०डीई म्हणजे एनव्हिडियाचा, १००२ म्हणजे एएमडीचा आणि १०ईसी म्हणजे रिअलटेकचा. कुणाचा ड्रायव्हर शोधायचा, ते तिथेच कळतं.