ज्वाळेवांचून वीज : इंधन-घटाची ओळख

वरच्या वर्गांतील मुलांनीं पाण्याचें विद्युत्-पृथक्करण पाहिलेंच असेल. आम्लमिश्रित पाण्यांतून वीज जाऊं दिली म्हणजे एका नळींत हायड्रोजन व दुसरींत प्राणवायु जमतो. आणि हायड्रोजनचें आकारमान प्राणवायूच्या दुप्पट भरतें. आतां कोणाहि विचारी मुलाच्या मनांत असा प्रश्न येईल कीं, वीज खर्चून जे वायु आपण विलग केले, त्यांस पुन्हां एकत्र आणून ती वीज परत मिळवितां येईल काय? सन १८३९ मध्यें विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञानें प्लॅटिनमच्या पट्ट्या व पातळ गंधकाम्ल घेऊन ती मिळवितां येते हें सिद्ध केलें. ज्या साधनांत ही क्रिया घडते त्यास इंधन-घट म्हणतात.

हायड्रोजनला काडी लावली तर तो भडकून जळतो, पाणी होतें, आणि सारी शक्ति उष्णतेच्या रूपानें निघून जाते. इंधन-घटांतहि शेवटीं पाणीच होतें. परंतु तेथें ज्वाळा नसते, आणि शक्तीचा मोठा भाग विजेच्या रूपानें हातीं येतो.

या विद्येशीं आपल्या पुण्याचा निकटचा संबंध आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजीं पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्तें झालें. त्याच प्रयोगशाळेंत ऑक्टोबर २०२० मध्यें वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद आणि पुण्याची केपीआयटी कंपनी यांनीं मिळून, देशांत तयार केलेल्या इंधन-घटावर मोटार चालवून पाहिली. तिच्या टांकींत सुमारें पावणेदोन किलो हायड्रोजन, हवेच्या दाबाच्या जवळजवळ ३५० पट दाबानें भरलेला होता. आणि तेवढ्यांत मोटार सुमारें २५० किलोमीटर जावी असा कर्त्यांचा अंदाज होता. पुढें २१ ऑगस्ट २०२२ रोजीं अशाच घटावर चालणाऱ्या बसचें पुण्यांत अनावरण झालें. अशा गाडीच्या नळींतून धूर निघत नाहीं. निघतें तें पाणी व पाण्याची वाफ.

हें कार्य दोन पदार्थांच्या सहकार्यानें होतें. त्यांतील पहिला पदार्थ पॉलिमर. पॉलिमर म्हणजे लहान लहान रेणू मण्यांप्रमाणें ओंवून झालेली लांब साखळी. कापूस, रेशीम, रबर, प्लॅस्टिक हे सारे पॉलिमरच होत. इंधन-घटांतील पॉलिमर मात्र विशेष गुणाचा असतो. त्याच्या साखळीला ठिकठिकाणीं गंधकयुक्त आम्लाचे गट जोडलेले असतात. त्याचें पटल केसाच्या जाडीएवढें किंवा त्याहूनहि पातळ असतें. तें ओलसर असतां आम्लाचे गट पाणी धरून ठेवतात, आणि पटलाच्या आंत कांहीं नॅनोमीटर रुंदीचे पाण्याचे मार्ग तयार होतात. (एका मिलिमीटरचे दहा लक्ष भाग केले असतां त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर.) या मार्गांनीं हायड्रोजनचे प्रोटॉन पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनांस मात्र ती वाट बंद असते. म्हणून इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेनें वळसा घालून जातात, आणि जातां जातां मोटारीचें चाक फिरवितात. पलीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व प्राणवायु यांचा संयोग होऊन पाणी बनतें. अमेरिकेच्या जेमिनी-५ या अंतराळयानांत ऑगस्ट १९६५ मध्यें पॉलिमर-पटलाचेच घट वापरले होते.

दुसरा पदार्थ प्लॅटिनम. हायड्रोजनच्या रेणूचें विभाजन करण्याचें काम या धातूच्या पृष्ठभागावर होतें. म्हणून त्याचें वजन किती यापेक्षां पृष्ठभाग किती याला महत्त्व आहे. येथें थोडें गणित करूं. एक ग्रॅम प्लॅटिनमचा घन केला तर त्याची बाजू सुमारें ३.६ मिलिमीटर व एकूण पृष्ठभाग सुमारें ०.७८ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच एका ग्रॅमचे ३ नॅनोमीटर व्यासाचे गोल कण केले, तर सर्वांचा मिळून पृष्ठभाग सुमारें ९३ चौरस मीटर होतो, म्हणजे दोन मोठ्या वर्गखोल्यांच्या जमिनीएवढा! ही वाढ जवळजवळ बारा लक्ष पट आहे. प्लॅटिनमची घनता २१.४५ धरून मुलांनीं हा हिशेब स्वतः पडताळून पहावा. असे कण कोळशाच्या बारीक भुकटीवर बसवितात.

परंतु नुसते कण असून भागत नाहीं. प्रत्येक कणाला वायु मिळाला पाहिजे, इलेक्ट्रॉन नेण्यास कोळशाचा स्पर्श पाहिजे, आणि प्रोटॉन नेण्यास पॉलिमरचा स्पर्श पाहिजे. या तिहींपैकीं एकहि चुकला तर तो मौल्यवान कण निरुपयोगी होऊन बसतो. यासाठीं पॉलिमरचा द्रव त्या भुकटींतहि मिसळतात.

प्रकाशाच्या क्षेत्रांतहि हाच नियम दिसतो. कांहीं पॉलिमर वीज वाहूं शकतात हें १९७७ मध्यें दिसून आलें. त्याबद्दल हीगर, मॅक्डायर्मिड व शिराकावा यांस २००० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. अशा पॉलिमरवर सूर्यप्रकाश पडला असतां जी चेतना उत्पन्न होते, ती सुमारें दहा नॅनोमीटर जातां जातांच मावळते. तेवढ्या अंतरांत इलेक्ट्रॉन घेणारा दुसरा पदार्थ भेटला तरच वीज मिळते. म्हणून सौर-घटांतहि दोन्ही पदार्थ इतक्या बारकाईनें मिसळावे लागतात.

पालकांनीं विचारावें असा प्रश्न हा कीं, मग रस्त्यांवर अशा गाड्या सर्रास कां दिसत नाहींत? कारणें खरीं आहेत. प्लॅटिनम महाग आहे. हायड्रोजनमध्यें कार्बन-मोनॉक्साइडचा अंश जरी राहिला तरी त्याचे कण निकामी होतात. पटल सुकलें तर वाट बंद होते, आणि पाणी फार सांचलें तर वायु कोंडतो. शिवाय आज बहुतेक हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून किंवा कोळशापासून काढतात, आणि त्यांत कार्बन-डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. अशा हायड्रोजनवर गाडी चालविली तर आपल्या रस्त्यावरचा धूर जाईल, परंतु तो दुसऱ्या गांवच्या आकाशांत जाईल. सूर्याच्या विजेनें पाणी फोडून हायड्रोजन मिळविला तरच हिशेब पुरा होतो. आणि तें कामहि अशाच पॉलिमर-पटलाच्या साहाय्यानें करतां येतें.

तेव्हां स्वस्त उत्प्रेरक, टिकाऊ पटल व निर्मळ हायड्रोजन हीं तीन कामें अद्यापि अपुरीं आहेत. पाण्याच्या पृथक्करणाचा प्रयोग वर्गांत पुन्हां होईल, तेव्हां नळींत वर चढणाऱ्या बुडबुड्यांकडे नुसतें कौतुकानें पाहूं नका; ते मोजा, आणि किती विजेला किती वायु मिळाला हें वहींत लिहून ठेवा. वर सांगितलेल्या कामांची सुरुवात अशाच काळजीपूर्वक मोजण्यापासून होते.